चाळीस लाखांत कुठलं गाव?

गेलं वर्षभर आमच्या घरात एकच विषय आहे. कुर्ल्याची खोली सोडायची आणि कुठेतरी स्वतःचं घर घ्यायचं. खोली भाड्याची, मालकाला ती पुनर्विकासाला द्यायची आहे. आम्ही पाच माणसं. अम्मी, मी, बायको, पाचवीतली मुलगी आणि पहिलीतला मुलगा. दिवसा कॉट उभी करून ठेवावी लागते, म्हणजे मुलांना अभ्यासाला बसता येतं. नवीन घरासाठी हाताशी सगळे मिळून चाळीस लाख रुपये. त्यात माझा भविष्यनिर्वाह निधी आला, बायकोचं सोनं आलं आणि खेड तालुक्यातल्या गावची आंब्याची कलमं विकून अम्मीच्या वाट्याला आलेली रक्कम आली. कर्ज नाही. व्याजाच्या प्रश्नावर माझं आणि अम्मीचं एकमत नाही, उलेमांमध्येही राहत्या घराच्या कर्जाबद्दल दोन मतं आहेत. पण पैशातला मोठा भाग तिच्या कलमांचा, तेव्हा शब्दही तिचाच.

चाळीस लाख म्हटलं की मुंबईतला माणूस हसतो आणि गावचा माणूस डोळे विस्फारतो. पण माझा मुद्दा पैशाचा नाही. पैशाने पर्याय कमी होतात, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. आमच्या बाबतीत पैशाआधीच कुणीतरी नकाशावर फुल्या मारून ठेवलेल्या असतात आणि त्यांतल्या काही फुल्या आपणच मारतो. या लेखात मला बोलायचं आहे ते त्या दुसऱ्या फुल्यांबद्दल.

सल्ले दोन प्रकारचे मिळाले. दुल्हाभाई म्हणाले, "मुंब्रा. दुसरा विचारच करू नका. आपली माणसं आहेत, रात्री निवांत झोप लागते." ऑफिसातले एक जुने स्नेही, पुरोगामी विचारांचे, माझे लेख आवर्जून वाचणारे, म्हणाले, "तू तरी मोहल्ल्यात जाऊ नकोस रे. मिश्र वस्तीत राहा. मुलांचं भलं होईल." दोघांचाही हेतू चांगला होता. पण दोघांनीही मला शाळा कुठे आहे, पाणी किती वेळ येतं, सकाळच्या गाडीत बायकोला चढता येईल का, असं काही विचारलं नाही. एकाला माझा जीव वाचवायचा होता आणि दुसऱ्याला माझ्याकडून सलोखा सिद्ध करून घ्यायचा होता.

मुंब्य्राबद्दल आधी नीट बोललं पाहिजे, कारण त्याच्याबद्दल बोलणारे बहुतेक लोक तिथे कधी उतरलेले नसतात. आपा तिथे कौशाला १९९४ पासून राहते. १९९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबईतली असंख्य मुस्लिम कुटुंबं जी मुंब्य्राला गेली, त्यांतलंच एक तिचं. तिने तीन मुलं तिथे वाढवली, दोन मुली पदवीधर झाल्या, धाकटी एका प्रयोगशाळेत नोकरी करते आणि रात्री साडेदहाला स्टेशनवरून एकटी घरी येते. रस्त्यावर त्या वेळी दुकानं उघडी असतात, बायका खरेदी करत असतात. 'कुटुंबासाठी सुरक्षित' याचा मुलीच्या बापासाठी तरी हा मोठा अर्थ आहे. मुंब्य्राला तुच्छतेने 'घेट्टो' म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारतो, की तुमच्या सोसायटीच्या फाटकाबाहेर रात्री साडेदहाला तुमची मुलगी एकटी चालते का?

तरीही मी मुंब्य्रात घर घेतलं नाही. कारणं साधी आहेत. एक म्हणजे गाडी. ९ जून २०२५ ला सकाळच्या गर्दीत मुंब्रा स्टेशनजवळच्या वळणावर समोरासमोरून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांतली माणसं खाली पडली आणि त्यांत जीव गेले. त्या दिवसापासून बायको मध्य रेल्वेचं नाव काढू देत नाही. ती चेंबूरला शाळेत शिकवते, मी वडाळ्याला नोकरी करतो. म्हणजे आम्हां दोघांचीही गाडी हार्बरची. मुंब्य्राहून रोज चढायचं, कुर्ल्याला बदलायचं आणि परतीला तेच उलटं.

दुसरं कारण कागदपत्रांचं, आणि इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे. आपाच्या भागात मी सात फ्लॅट पाहिले. पाचांना भोगवटा प्रमाणपत्र नव्हतं. विकणारा म्हणायचा, "भाई, इकडे कुणाकडेच नसतं. पन्नास टक्के आता द्या, बाकी दोन वर्षांत हप्त्याने. बँक नको, सूद नको." ऐकायला किती बरं वाटतं! व्याज टाळू पाहणाऱ्या माणसाला तर वाटतं की अल्लाहने दार उघडलं. पण जरा थांबून विचार करा. बँकेची गरज नाही असं तो सांगत नसतो. बँक त्या इमारतीवर कर्ज देणारच नाही, हे त्याला ठाऊक असतं. ४ एप्रिल २०१३ ला शिळफाट्याजवळ बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ माणसं गेली. तिच्यातही लोक आधीच राहायला आलेले होते. आपल्या माणसाने आपल्या माणसाला विकलं, म्हणून सिमेंट पक्कं होत नाही.

म्हणून कर्ज न घेणाऱ्या माझ्यासारख्यांना एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. कर्ज घ्यायचं नसलं तरी इमारतीचं नाव घेऊन बँकेत जा आणि या इमारतीवर तुम्ही कर्ज देता का, एवढं विचारा. एखाद्या वकिलाला पाच-सात हजार देऊन मालकीहक्काचा शोध घ्या. नवं बांधकाम असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा क्रमांक टाकून पाहा, ताबा कधीचा लिहिलाय ते तिथे दिसतं. भोगवटा प्रमाणपत्र मागितल्यावर विकणारा नाराज झाला तर होऊ द्या. आपल्याकडे कागद मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं समजतात. खरं तर देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवा, अशी कुरआनची स्पष्ट आज्ञा आहे. सूद नको म्हणताना आपल्याला दीन आठवतो, कागद मागताना आठवत नाही.

तिसरं कारण शाळा. मुलगी मराठी शाळेत शिकते, आणि मराठीतच शिकावी हा आमचा दोघांचा हट्ट आहे. आपाच्या घराच्या आसपास उर्दू आणि इंग्रजी शाळा पुष्कळ, मराठी शोधावी लागते. यावर दुल्हाभाई म्हणाले, "मग उर्दूत घाला, आपली भाषा आहे." दुल्हाभाईंची असेल. आमच्या घरात पणजोबांपासून कोकणी आणि मराठीच आहे. उर्दूवर माझं प्रेम आहे, पण ती आमच्या चुलीवरची भाषा नव्हे.

मग पुरोगामी स्नेह्यांचा सल्ला मानला. मध्य रेल्वेवरच्या एका शहरात, जिथे मराठी मध्यमवर्गीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे, तिथे घर शोधायला लागलो. चांगल्या शाळा, वाचनालय, नाट्यगृह. सगळं माझ्या आवडीचं. फोनवर एजंट उत्साहाने बोलत होते. माझं मराठी ऐकून एकाने तर विचारलं, "साहेब, रत्नागिरीकडचे का?" मी होय म्हणालो. "मग काय, आपलेच. रविवारी या." मग त्याने नाव विचारलं. नाव सांगितलं. पलीकडे दोन क्षण शांतता. "साहेब, तो फ्लॅट, मला वाटतं, कालच गेला. बघून कळवतो." तो आजतागायत बघतोच आहे.

असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी मी फोन उचलल्या उचलल्या आधी नाव सांगितलं आणि मग फ्लॅटचं विचारलं. वेळ वाचला. त्या एजंटांवर माझा फार राग नाही, त्यांना सोसायटीच्या कमिटीने सांगितलेलं असतं. राग याचा आहे, की ज्यांच्या सोसायट्या अशा आहेत, तेच लोक आम्हांला विचारतात, "तुम्ही वेगळे का राहता?"

लोकांना वाटतं की हे बेकायदा आहे, तक्रार केली की झालं. इतकं सरळ नाही. राज्यघटनेच्या १५ व्या कलमात दुकानं, हॉटेलं, विहिरी, रस्ते यांची नावं आहेत, खासगी घराचं नाव नाही. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, सभासदत्व आपल्याच समाजापुरतं ठेवण्याचा उपविधी वैध ठरवला. त्या निकालाचा आधार घेऊन आपल्याकडेही लोक छाती फुगवतात. पण महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमात कलम २३ आहे. पुरेशा कारणाशिवाय पात्र माणसाला सभासदत्व नाकारता येत नाही. आणि अर्जावर तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर अर्जदाराला सभासद मानलं जातं, हे कलम २२ मध्ये आहे. नमुना उपविधींप्रमाणे फ्लॅट विकायला सोसायटीचं ना-हरकत प्रमाणपत्र सक्तीचं नाही आणि हस्तांतराचं अधिमूल्य महापालिका हद्दीत पंचवीस हजारांच्या वर घेता येत नाही. म्हणजे विकणारा तयार असेल तर सोसायटी आपल्याला अडवू शकत नाही. अडतं ते विकणाऱ्याच्या तयार होण्यात, आणि त्यावर कुठलंच कलम नाही.

या दोन टोकांच्या मधे बाजाराने तिसरा पर्याय काढला आहे. २०२५ मध्ये नेरळजवळच्या एका गृहप्रकल्पाची जाहिरात 'हलाल' जीवनशैलीच्या नावाने आली आणि मोठा गदारोळ झाला. ती जाहिरात मलाही आवडली नाही. मशीद, जॉगिंगचा रस्ता आणि 'आपल्यासारखी कुटुंबं' एकाच पुडक्यात बांधून विकणारा माणूस माझी भीती विकत असतो, आणि भीतीला चौरस फुटामागे जास्त भाव येतो. पण गदारोळ करणाऱ्यांनी एक विचारायला हवं होतं, की गिऱ्हाईक तिकडे का वळतं? फक्त शाकाहाऱ्यांच्या इमारती मुंबईत वर्षानुवर्षं उभ्या आहेत. त्यांच्या दारात कुठल्याही वाहिनीचा कॅमेरा गेलेला मी पाहिला नाही.

आता तळोजा. नवी इमारत, लिफ्ट, मुलांना खेळायला जागा, आमच्या पैशांत बसणारा एक बेडरूमचा फ्लॅट, नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर ते पेंधर मेट्रोही चालू. मी जवळजवळ टोकन देणार होतो. एका संध्याकाळी मुद्दाम आठ वाजेपर्यंत थांबलो, तेव्हा वारा फिरला आणि औद्योगिक वसाहतीकडून वास आला. नाकात जाऊन बसणारा. तळोजाचे निळे कुत्रे आठवताहेत का? २०१७ मध्ये रंगाच्या सांडपाण्याने कुत्री निळी झाली होती, जगभर फोटो गेले होते. मुलाला दर हिवाळ्यात छातीत घरघर होते. घर दुपारी पाहू नये, रात्री पाहावं, हा धडा मी तिथे शिकलो.

आणि तिथेच अम्मीने तो प्रश्न विचारला. नमुना फ्लॅट बघून झाला, विक्रीवाल्या मुलीने पोहण्याचा तलाव दाखवला, व्यायामशाळा दाखवली. अम्मी शांतपणे सगळं ऐकत होती. शेवटी म्हणाली, "बेटी, इथलं कब्रस्तान कुठं आहे?" ती बिचारी गोंधळली. माझ्याकडे बघून हसावं की नाही, तिला कळेना.

मलाही आधी हसूच आलं. मग गाडीत बसल्यावर हसू गेलं. अम्मी सत्तर पार आहे. तिने कुर्ल्यात अब्बांना पोचवलं तेव्हा मोहल्ला खांद्याला होता. नव्या गावात मय्यत उचलायला चार माणसं येतील का, गुस्ल देणारी बाई कुठून आणायची, जागा मिळेल का, हे तिचे प्रश्न आहेत. घर बघणाऱ्यांच्या याद्यांत मॉल असतो, दवाखाना असतो, शाळा असते. आमच्या म्हाताऱ्यांच्या यादीतली ही ओळ कुणी लिहीत नाही. नव्या शहरांच्या आखणीत तर ती फार उशिरा येते.

इथे आपल्या जमातींबद्दल बोलावंसं वाटतं. शहराचा विकास आराखडा तयार होतो तेव्हा तो प्रसिद्ध होतो, हरकती आणि सूचना मागवल्या जातात, सुनावणी होते. कब्रस्तानाचं, मैदानाचं, शाळेचं आरक्षण त्या आराखड्यात पडतं. त्या मुदतीत आपल्यापैकी किती जण अर्ज घेऊन महापालिकेत जातात? आपण जागतो ते पंधरा वर्षांनी, मय्यत घेऊन दुसऱ्या गावच्या कब्रस्तानाच्या दारात उभं राहिल्यावर. मशिदीच्या मिनारासाठी आठवड्यात चंदा जमतो, तो जमावाच. पण त्याच कमिटीत नकाशा वाचू शकणारा एक तरुण असायला काय हरकत आहे? आणि बाहेरगावाहून येणाऱ्या कुटुंबाला कागद तपासून देणारा एक वकील? 'आपल्या वस्तीत या' म्हणणाऱ्यांनी निदान येणाऱ्याला फसलेल्या इमारतीत तरी पाठवू नये.

शेवटी पनवेल. खरं सांगायचं तर पनवेल आमच्या डोळ्यांसमोरच होतं. गावाला जाताना येताना किती वेळा एस.टी. तिथे थांबली असेल! मुंबई-गोवा रस्ता तिथूनच सुटतो. कोकणात कुणी आजारी पडलं तर कुर्ल्याहून निघण्यापेक्षा दीड तास वाचतो. पण 'थांबायचं गाव' म्हणून पाहिलेल्या गावात राहायचं डोक्यात येत नाही.

जुन्या पनवेलमध्ये कोकणी मुसलमानांची घरं पिढ्यान्‌पिढ्यांची आहेत. त्यांच्या शेजारी आगरी, ब्राह्मण, गुजराती, मारवाडी. कुणी सलोख्याचा प्रयोग म्हणून ती वस्ती वसवलेली नाही. गाव वाढत गेलं तशी ती झाली. मशीद चालत जाण्याच्या अंतरावर, कब्रस्तान जुनं, मराठी शाळा जुन्या. संध्याकाळी वडाळे तळ्याच्या काठी अम्मी अर्धा तास बसली, शेजारच्या बाकावरच्या आजींशी गुडघ्यांवर बोलली आणि उठताना मला म्हणाली, "इथं बघ." एवढं प्रमाणपत्र मला पुरलं.

उणिवा आहेत. पाणी ही मोठी. गावाचं स्वतःचं देहरंग धरण आहे, ते उन्हाळ्यात पुरत नाही. मी ज्या इमारती पाहिल्या त्या प्रत्येकीत विचारलं, टँकर कधीपासून कधीपर्यंत येतो आणि त्याचा वेगळा खर्च किती. एकाने सांगितलं, "नाही येत," आणि खाली ओल्या चाकांचे माग दिसत होते. नवा विमानतळ जवळ आल्यामुळे भाव चढले आहेत, नव्या इमारती आमच्या हातातल्या नाहीत. वडाळ्याला पोचायला तासाभराहून जास्त लागतो. पण गाडी पनवेललाच सुरू होते, म्हणजे सकाळी बसायला जागा मिळते. रोज दोन तास बसून जाणं आणि दीड तास लोंबकळत जाणं यात मला पहिलं परवडतं. बायको म्हणाली, "तुम्ही वाचाल, मी वह्या तपासीन."

सापडला तो फ्लॅट जुना, पंचवीसेक वर्षांच्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर. लिफ्ट नाही, म्हणून पहिलाच मजला हवा होता. भोगवटा प्रमाणपत्र आहे. अडतीस लाखांवर बोलणी थांबली. बायकोच्या नावावर करतोय, त्यामुळे मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत, म्हणजे अडतीस हजार वाचतात. नोंदणी शुल्क जास्तीत जास्त तीस हजार. वकील, दलाली, रंग, नळ हे सगळं धरलं तर चाळीसची वेस ओलांडते. वरचे पैसे आपाने बिनव्याजी दिले, दुल्हाभाईंनी काही न बोलता.

विकणारे काका निवृत्त शिक्षक, मुलाकडे पुण्याला चाललेत. त्यांनीही नाव विचारलं. मी सांगितलं आणि सवयीने थांबलो. त्यांनी विचारलं, "खेडचे म्हणजे नेमके कुठले? माझी पहिली नेमणूक तिकडची." पुढची वीस मिनिटं आम्ही जगबुडीच्या पुरावर बोललो. असं प्रत्येकाला भेटत नाही, हे मला कळतं. चार फोन आधी झाले होते, म्हणून हा पाचवा मला इतका मोठा वाटला. ज्याला हा भेटला नाही, तो मुंब्य्राला गेला तर त्याला मी काय तोंडाने नावं ठेवू?

मुलीच्या शाळेसाठी अर्ज भरला आहे. सोसायटीकडे सभासदत्वाचे कागद दिलेत आणि पोच घेतली आहे, तारखेसकट. सेक्रेटरी म्हणाले, पुढच्या महिन्याच्या मिटिंगमध्ये घेऊ. अम्मीने भांडी पोत्यात भरायला सुरुवातही केली आहे.